प्रज्ञावान मूल आणि प्रेक्षकांची मते : ‘मटिल्डा’च्या निमित्ताने

(१)

भारतीय साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ नावाचा एक आदर्श रसिक कल्पिला. आधुनिक पाश्चात्त्य समीक्षेने वाचकप्रतिसादाचा सिद्धान्त मांडून वाचकाला अर्थनिर्मितीत वाटा दिला. या दोन्ही परंपरांचा अभ्यास मराठी विभागांतून होत असतो. प्रत्यक्ष प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना किंवा घरी मुलांसोबत चित्रपट पाहून झाल्यावर जे बोलतो, त्याला मात्र समीक्षेत सहसा स्थान मिळत नाही. ‘आवडला’, ‘पटला नाही’, ‘मुलांना दाखवू नये’ ही मते अभिरुचीच्या प्राथमिक पायरीवरची मानली जातात. अशा मतांची नीट तपासणी केली तर त्यांच्या तळाशी साहित्यशास्त्रातले जुनेच प्रश्न आढळतात. रोआल्ड डाल यांच्या कादंबरीवरून डॅनी डेव्हिटो यांनी दिग्दर्शित केलेला ‘मटिल्डा’ (१९९६) हा चित्रपट याचे चांगले उदाहरण आहे.

डाल यांची ‘मटिल्डा’ ही कादंबरी क्वेंटिन ब्लेक यांच्या रेखाचित्रांसह १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, लेखकाचे निधन झाले. मटिल्डा वर्मवुड ही विलक्षण बुद्धीची लहान मुलगी. मोटारींच्या व्यवहारात फसवणूक करणारा बाप आणि बिंगो खेळण्यात रमलेली आई या दोघांनाही तिच्या बुद्धीचा पत्ता नाही. असलाच तर उपद्रव वाटतो. ती तीन वर्षांची होण्याच्या सुमारास आपली आपण वाचायला शिकते, चौथ्या वर्षी सार्वजनिक ग्रंथालयाची वाट धरते आणि तेथील मिसेस फेल्प्स या ग्रंथपालबाईंच्या आधाराने डिकन्सपर्यंत पोहोचते. शाळेत तिला मिस हनी ही प्रेमळ शिक्षिका भेटते आणि मिस ट्रंचबुल ही राक्षसी मुख्याध्यापिकाही भेटते. अन्यायाच्या एका क्षणी तिच्या डोळ्यांत वस्तू हलविण्याची शक्ती प्रकटते आणि त्या शक्तीच्या बळावर ट्रंचबुलचा पाडाव होतो.

डेव्हिटो यांनी ही कथा इंग्लंडमधून अमेरिकेत नेली. निकोलस कझान आणि रॉबिन स्विकॉर्ड यांनी पटकथा लिहिली. मटिल्डाची भूमिका मारा विल्सनने, मिस हनीची एम्बेथ डेव्हिड्ट्झ यांनी, तर ट्रंचबुलची पॅम फेरिस यांनी केली. निवेदक आणि बाप ही दोन्ही कामे डेव्हिटो यांनी स्वतःकडे ठेवली. सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला अमेरिकेतील चित्रपटगृहांत सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलरचेच उत्पन्न झाले. व्यवसायाच्या हिशेबात ही जेमतेम कामगिरी. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि दूरदर्शनसंच यांच्या मार्गाने हा चित्रपट घरोघर गेला आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला. म्हणजे चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाचा कौल आणि घरातल्या प्रेक्षकाचा कौल एक नव्हता. प्रेक्षकाचे मत हे एकदाच दिले जाणारे मत नसते, ते वयासोबत वाढते आणि बदलते, हे यावरून दिसते.

(२)

या चित्रपटाविषयी वारंवार व्यक्त होणाऱ्या आक्षेपांपैकी पहिला आक्षेप संभाव्यतेचा आहे. मुलगी हुशार आहे येथवर ठीक. ती मनाच्या बळावर वस्तू हवेत तरंगवू लागली की गंभीर विषयाचे पोरखेळात रूपांतर होते, असे या प्रेक्षकांना वाटते. प्रज्ञावान मुलाचा एकाकीपणा हा खरा विषय; त्यावर जादूचा मुलामा कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे. जे पाहतो आहोत ते घडणे शक्यच नाही असे वाटले, की प्रेक्षकाचे मन तेथे विसावत नाही. यावर अभिनवगुप्ताने दिलेला उपायही लक्षात घेण्याजोगा आहे. लोकसामान्य विषय असेल तर हृदयसंवाद आपोआप होतो. अलौकिक कृत्ये दाखवायची असतील, तर रामासारख्या प्रख्यात नायकाचा आश्रय घ्यावा. कारण दीर्घकाळच्या प्रसिद्धीने लोकांच्या मनात त्यांच्याविषयीचा विश्वास खोलवर रुजलेला असतो.

मराठी प्रेक्षकाला याचा पडताळा घरच्याच उदाहरणावरून घेता येईल. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हाही एका अर्थी अलौकिक बुद्धीच्या मुलाचा चित्रपट आहे. समाजाने नाकारलेली चार भावंडे, धर्मपीठासमोरची परीक्षा, रेड्याच्या मुखातून उमटणारे वेद आणि चालणारी भिंत हे सारे त्यात आहे. ही भिंत चालताना पाहून कोणी संभाव्यतेचा प्रश्न उपस्थित करत नाही. त्या भिंतीमागे शतकांची लोकश्रद्धा उभी आहे आणि त्या श्रद्धेच्याही मागे ‘ज्ञानेश्वरी’सारखा ग्रंथ उभा आहे. मटिल्डाच्या मागे अशी कोणतीही प्रसिद्धी नाही. ती एका गावठी मोटारविक्याची मुलगी आहे. तिच्या चमत्कारावर विश्वास बसवायचा तर तो लोकसामान्य तपशिलांतूनच बसवावा लागतो.

कादंबरीत हे काम चोख झालेले आहे. शक्तीचा प्रादुर्भाव होण्यापूर्वी वाचकाने मटिल्डाची वाचनाची भूक पाहिलेली असते, ग्रंथालयात एकटीने जाणे पाहिलेले असते, पुस्तके घरी नेता येतात हे कळल्यावरचा तिचा आनंद पाहिलेला असतो. शक्ती प्रथम प्रकटते ती शाळेत, न केलेल्या अपराधाचा आळ ट्रंचबुलने तिच्यावर घातल्यावर. चित्रपटात मात्र ती याच्या आधीच, घरात, दिसते. बाप तिला जबरदस्तीने दूरदर्शनसंचासमोर बसवतो आणि संच फुटतो. दृश्य म्हणून हा प्रसंग प्रभावी आहे. पुस्तक विरुद्ध पडदा हा कादंबरीतला झगडा त्यात एका क्षणात साकार होतो. परंतु शक्ती आणि शाळेतला अन्याय यांचे कादंबरीतले घट्ट नाते त्यामुळे सैल पडते. संभाव्यतेचा आक्षेप घेणारा प्रेक्षक नेमक्या या सैलपणाकडे बोट दाखवत असतो. कारण सांगताना तो चुकत असेल, खटकण्याची जागा मात्र त्याने अचूक हेरलेली असते.

(३)

दुसरा आक्षेप क्रौर्याचा. ट्रंचबुल एका मुलीला वेण्यांनी धरून गरगर फिरवते आणि कुंपणापलीकडे भिरकावते. खिळे आणि काचा लावलेल्या अरुंद कपाटात ती मुलांना कोंडते. चोरून केक खाणाऱ्या ब्रूस बॉगट्रॉटरला सर्वांसमक्ष अख्खा भला मोठा केक खायला लावते. लहान मुलांच्या चित्रपटात हे कशासाठी, असे अनेक पालक विचारतात. याला जोडूनच तिसरा आक्षेप येतो. आईबाप मूर्ख व लबाड दाखविले आहेत आणि मुलगी त्यांना शिक्षा करते. यातून मुलांनी कोणता धडा घ्यावा?

क्रौर्याच्या आक्षेपाला दोन उत्तरे देता येतील. एक उत्तर परंपरेचे आहे. बालकथेतली चेटकीण ही मुळातच अतिशयोक्त असते. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात दिलीप प्रभावळकर यांनी चेटकीण रंगवली होती, आणि पुरुषाने केलेली ती चेटकीण मुलांना एकाच वेळी घाबरवीत व हसवीत असे. ‘मटिल्डा’च्या २०१० मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे प्रथम सादर झालेल्या संगीतिकेतही ट्रंचबुलची भूमिका बर्टी कार्व्हेल या पुरुष नटाने केली होती. दोन भाषांतल्या रंगभूमींना एकमेकींशी संबंध नसताना एकच युक्ती सुचावी, यावरून तिच्या मुळाशी असलेली गरज ओळखता येते. भीतीला हास्यास्पद रूप मिळाले की मूल तिच्याकडे पाहू शकते.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. डाल यांनी ‘बॉय’ (१९८४) या बालपणीच्या आठवणींत शाळेतल्या छड्यांचे वर्णन केलेले आहे. ब्रिटनमधील सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी आली ती १९८६ च्या कायद्याने आणि तिची अंमलबजावणी सुरू झाली १९८७ मध्ये, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी. अमेरिकेत अशी देशव्यापी बंदी आजही नाही. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. या पार्श्वभूमीवर ट्रंचबुलचे कपाट हे निव्वळ कल्पनेचे खेळणे उरत नाही. कादंबरीत मटिल्डानेच याचे मर्म सांगितले आहे. ट्रंचबुलचे अत्याचार इतके अवाढव्य असतात की मुलांनी घरी सांगितले तरी आईबाप विश्वास ठेवणार नाहीत, आणि तिच्या सुरक्षिततेचे रहस्य तेच असते. आता हीच गोष्ट प्रेक्षकाच्या संदर्भात पाहावी. ‘असे कुठे घडते का?’ असे म्हणणारा प्रौढ प्रेक्षक कथेतल्या त्या विश्वास न ठेवणाऱ्या आईबापांच्या रांगेत नकळत जाऊन बसतो. अतिशयोक्ती येथे शैली म्हणून येते आणि तीच कथेचा विषयही होते.

पालकांविषयीचा आक्षेप अधिक नाजूक आहे. येथे अभिनवगुप्ताचे आणखी एक विघ्न आठवते : ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे. पालक म्हणून पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक आपला अपमान झाल्याच्या भावनेने चित्रपट पाहतो आणि कथेतल्या मुलीकडे त्याचे लक्ष जात नाही. डाल यांनी कादंबरीचा आरंभच पालकांच्या एका वेगळ्या दोषाने केलेला आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आपले सामान्य, क्वचित उपद्रवी मूल अलौकिक आहे असे मानणाऱ्या आईबापांची त्यांनी आधी भरपूर थट्टा केली आहे. अलौकिक मुलाकडे दुर्लक्ष करणारे वर्मवुड दांपत्य त्यानंतर येते. मूल जसे आहे तसे न पाहणे हा दोन्हीकडचा समान दोष आहे. चित्रपटात ही आरंभीची थट्टा जवळजवळ नाहीशी झाली आणि त्यामुळे तोल वर्मवुड यांच्या विरोधात एकतर्फी झुकला.

याची भरपाई चित्रपटाने शेवटी केली आहे. कादंबरीत आईबाप स्पेनला पळून जाताना मुलीला सहज मागे सोडून जातात. चित्रपटात मटिल्डा दत्तकपत्रे काढून देते, आणि सही करण्यापूर्वी रिया पर्लमन यांनी रंगविलेली आई क्षणभर थबकून आपल्याला ही मुलगी कधी कळलीच नाही असे कबूल करते. मूर्खपणाच्या मुखवट्याआड एक माणूस होते, हे त्या थबकण्यातून कळते. पालकांचा अपमान झाला असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाने या क्षणाची नोंद घ्यावयास हवी. मारा विल्सनच्या आईचे निधन चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी काही महिने झाले आणि चित्रपट त्यांना अर्पण करण्यात आला, ही माहिती असणारे प्रेक्षक चित्रपटातल्या मातृत्वाच्या ओढीकडे अधिक हळवेपणाने पाहतात. हा हळवेपणा समजण्यासारखा आहे. तथापि आईच्या त्या थबकण्याचे मोल संहितेतूनच सिद्ध होते, त्यासाठी बाहेरच्या माहितीची गरज लागत नाही.

(४)

चित्रपटाच्या शेवटाविषयी प्रेक्षकांत फारसा वाद होत नाही. बहुतेकांना तो आवडतो. वस्तुतः कादंबरी आणि चित्रपट यांच्यातले सर्वांत मोठे अंतर येथेच आहे आणि अधिक चर्चा व्हायला हवी ती याच जागेची.

कादंबरीत ट्रंचबुल निघून गेल्यावर शाळेचा कारभार मिस्टर ट्रिल्बी यांच्याकडे येतो आणि मटिल्डाला वरच्या वर्गात, तिच्याहून मोठ्या मुलांबरोबर बसविले जाते. काही दिवसांत तिच्या ध्यानात येते की आपली शक्ती गेली. मिस हनी तिला याचे कारण समजावून सांगते. बुद्धीला पुरेसे काम नव्हते, म्हणून तिचे साचलेले बळ डोळ्यांवाटे बाहेर पडत होते. आता वरच्या वर्गातल्या अभ्यासात ते खर्ची पडते आहे. मटिल्डाला याचे दुःख होत नाही, उलट सुटल्यासारखे वाटते. या एका खुलाशाने कथेतल्या साऱ्या अद्भुताचा अर्थ पालटतो. शक्ती हे वरदान नव्हते. ते उपासमारीचे लक्षण होते. चमत्कार संपला, कारण मुलाला अखेर त्याच्या योग्यतेचे शिक्षण मिळाले.

चित्रपटात मिस हनी स्वतः मुख्याध्यापिका होते. शक्ती नाहीशी होत नाही. अगदी शेवटी कपाटातले एक पुस्तक खाली आणण्यासाठी मटिल्डा ती हलकेच वापरते. ती पुस्तकासाठीच वापरली जाते, हे दिग्दर्शकाच्या बाजूने मान्य केले पाहिजे. तरीही मूळचा कार्यकारणभाव येथे तुटला आहे. शक्ती आता मुलीच्या मालकीची वस्तू झाली, तिच्या गुणांचे पारितोषिक झाली. मोठेपणी हा चित्रपट पुन्हा पाहणारे पुष्कळ प्रेक्षक ‘लहानपणी वाटायचे, आपल्यालाही अशी शक्ती मिळावी’ अशा अर्थाचे बोलतात. कादंबरीच्या वाचकाला ती नकोशी वाटावी अशी लेखकाची योजना होती.

केकच्या प्रसंगातही असाच फरक आहे. कादंबरीत ब्रूसला धीर देणारा पहिला आवाज सभागृहाच्या मागच्या भागातून येतो. तो कोणाचा, हे सांगितलेले नाही. चित्रपटात मटिल्डाच उभी राहून त्याला धीर देते. निनावी मुलाचे धैर्य काढून ते नायिकेला दिले गेले. ट्रंचबुलच्या पराभवात मात्र चित्रपटाने उलट केले आहे. कादंबरीत ती भोवळ येऊन कोसळते आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप नाहीशी होते. चित्रपटात सारी शाळा आपल्या डब्यांतले अन्न फेकून तिला पिटाळून लावते. येथे विजय सर्वांचा आहे. म्हणजे चित्रपटाने एका हाताने सामान्य मुलांकडून घेतले आणि दुसऱ्या हाताने परत दिले. ही देवघेव प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नसली, तरी अन्नफेकीच्या प्रसंगी लहान मुले जो कल्लोळ करतात त्यात तिची पोच असते.

(५)

प्रेक्षकांच्या मतांमध्ये सर्वाधिक विचार करायला लावणारे मत आणखी वेगळे आहे. ‘अशा मुलांकडे लक्ष दिले जात नाही’ असे म्हणताना अनेकांच्या मनात ‘अशी मुले’ म्हणजे आपले मूल असते. महाराष्ट्रात हा विषय परका नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली ती प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करण्यासाठीच. आणि त्या बुद्धीवर समाजाचे ऋण आहे ही जाणीव त्या विचाराचा भाग होती. दुसरीकडे शिष्यवृत्तीच्या परीक्षा, शिकवण्या आणि गुणांची चढाओढ यांनी प्रज्ञा म्हणजे इतरांच्या पुढे असणे अशी समजूत घट्ट केली. या समजुतीतून ‘मटिल्डा’ पाहिला, तर तो एका हुशार मुलीच्या यशाची गोष्ट ठरतो. ब्रूस, लॅव्हेंडर, वेण्यांना धरून भिरकावली गेलेली अमांडा ही सारी पार्श्वभूमीला जातात.

कादंबरीतली मटिल्डा स्वतःला हुशार समजत नाही. आपल्याला येते ते इतरांना का येऊ नये, असे तिला वाटते. आपल्या शक्तीचा सर्वांत मोठा उपयोग ती मिस हनीला तिचे घर आणि वेतन परत मिळवून देण्यासाठी करते. प्रज्ञेचे मोल ती कोणाच्या कामी येते यावर ठरते, असा या कथेचा आशय सांगता येईल. ज्ञानेश्वरांच्या बाबतीतही लोकमानसाने भिंत चालविल्याचे कौतुक केले. टिकले आणि कामी आले ते शके १२१२ मध्ये लोकांच्या भाषेत सांगितलेले गीतेचे मर्म. चमत्काराकडून ग्रंथाकडे जाण्याची ही वाट मराठी परंपरेने चालून दाखवलेली आहे. डाल यांच्या कादंबरीने ती आपल्या विनोदी, तिरकस रीतीने चालून दाखवली. चित्रपट तिच्या अर्ध्यावर थांबला, पण त्याने मुलांना ग्रंथालयाच्या दारापर्यंत नक्कीच आणले.

दारापुढचे काम चित्रपटाचे नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. चार वर्षांची मुलगी एकटी आत आली तर तिला खुर्ची देणारी, न कळणाऱ्या पानांची धास्ती घेऊ नकोस असे सांगणारी आणि पुस्तक घरी नेता येते हे आपण होऊन कळविणारी मिसेस फेल्प्स त्या ग्रंथालयांत असावी लागते. चित्रपट मुलांना दाखवावा की न दाखवावा, यावर प्रेक्षक जेवढे बोलतात तेवढे या ग्रंथपालबाईंविषयी बोलत नाहीत. मटिल्डाला वाचविणारी पहिली व्यक्ती तीच आहे, आणि तिच्याजवळ कोणतीही जादू नाही.

प्रेक्षकांची मते समीक्षेने ऐकावीत ती याकरिता. त्यांतले निर्णय अनेकदा घाईचे असतात, कारणे अपुरी असतात. पण संभाव्यता, औचित्य, तादात्म्य आणि तटस्थता हे शास्त्राने चर्चिलेले प्रश्न त्यांत जिवंत अवस्थेत सापडतात. त्या मतांना शास्त्राची भाषा मिळवून देणे आणि शास्त्राला त्या मतांची ऊब मिळवून देणे, हे साहित्याच्या अध्यापकाला सहज करता येण्यासारखे काम आहे. बालचित्रपटापासून त्याची सुरुवात झाली तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.